कासोटा कोण खोचतं? हाडं, सांधे, स्नायू नर्स कसे तपासते त्याची गोष्ट

मागच्या महिन्यात तासगावकडच्या एक मावशी ओपीडीत आल्या, साठीच्या आसपासच्या, नऊवारी, सोबत सून. "सिस्टर, खांदा लई दुखतोय, हात वरच हुईना." म्हटलं दाखवा बघू किती होतोय. मावशींनी डाव्या हातानं उजवं कोपर धरलं, खांदा वर ओढून, अंग तिरकं करून खांद्याच्या लेव्हलला आणलं आणि म्हणाल्या, "एवढा होतोय की." आता तो हात वर होतच नव्हता, दुसरा हात त्याला उचलत होता, पण घाईच्या ओपीडीत हे बघायचं राहून जातं आणि केसपेपरवर चढतं "हात खांद्यापर्यंत वर होतो". मी विचारलं, बुचडा बांधता येतो का? मावशी गप्प. बरं, कासोटा कोण खोचतं? तेवढ्यात सूनच हसली, "दोन महिनं झालं, मीच खोचतीया."

झालं, अर्धी तपासणी तिथंच झाली. बुचडा बांधायला हात वर जाऊन बाहेरच्या अंगाला फिरावा लागतो, कासोटा मागं खोचायला तोच हात आत फिरून पाठीमागं न्यावा लागतो, म्हणजे खांद्याच्या मोठ्या मोठ्या हालचाली दोन प्रश्नांत कळल्या. पुस्तकात ह्यांना अ‍ॅबडक्शन, एक्स्टर्नल रोटेशन, इंटर्नल रोटेशन असली नावं आहेत, नर्सिंगच्या पोरी ती पाठ करून वॉर्डात येतात आणि एकीनं तर माझ्यासमोर एका आजीला "आजी, हात अ‍ॅबडक्ट करा" म्हटलेलं, आजीनं नमस्कार केला तिला.

मी मिरजेत ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या, वॉर्डात बरीच वर्षं काढलीत. मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगाच नाही, मिशनरी डॉक्टर वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली इथं दवाखाना काढला आणि तेव्हापासनं पार कर्नाटकापर्यंतचे पेशंट रेल्वेनं ह्या गावात उतरतात, त्यामुळं बघायला नमुने भरपूर. नवीन पोरी विचारतात मस्क्युलोस्केलेटल असेसमेंट म्हणजे नक्की काय करायचं, आणि घरचे लोक विचारतात की एक्स-रे आहे की, मग हे हात-पाय वाकवून काय बघता. दोघांसाठी एकदमच लिहिते.

पहिलं म्हणजे आम्ही रोग शोधत नाही, ते डॉक्टरांचं काम. मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं, ६०० च्या वर स्नायू, एकेक तपासत बसलो तर पेशंटचं वय वाढेल. आम्ही बघतो ते एवढंच की हा माणूस काल काय करत होता आणि आज त्याला काय करता येईना, आणि हे असं लिहून ठेवायचं की रात्री ड्युटीवर येणाऱ्या पोरीला ते वाचून कळलं पाहिजे की पेशंट तिथंच आहे, सुधारलाय का बिघडलाय. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, पण कासोटा कोण खोचतं ते एक्स-रेत येत नाही.

तपासणी कॉटवर सुरू होत नाही, दारात सुरू होते. माणूस चालत येतोय तेव्हा मी मान खाली घालून नाव-पत्ता लिहित असेन तर फुकटची माहिती घालवली. दुखऱ्या पायावर माणूस कमी वेळ थांबतो, पटकन उचलून चांगल्या पायावर येतो, त्यामुळं पावलांचा ताल बिघडतो, टक...टकटक, टक...टकटक असा, डोळे मिटून सुद्धा ऐकू येतो. कुणी बदकासारखं दोन्हीकडं झुलत येतं, तिथं खुब्याचे स्नायू कमजोर असू शकतात. कुणी गुडघा उंच उचलून पाऊल फटकन टाकतं, कारण पंजा वर होत नाही, लोंबतो. आणि चप्पल बघा, चप्पल फार बोलते. एकाच चपलेची एकच कड झिजलेली असेल तर वजन कुठं पडतंय ते दिसतं, आणि जुना शुगरचा पेशंट सांगतो की "चप्पल पायातनं कवा निघून पडती कळतच न्हाई", तर त्याच्या पायाची जाणीव गेलीय, त्याचे तळवे उचलून बघायचेच, बऱ्याचदा तिथं खिळा नाहीतर काच लागून जखम झालेली असते आणि त्याला पत्ता नसतो. आणि हा माणूस आलेला असतो गुडघा दाखवायला.

मग विचारपूस. इथं मला आपल्या भाषेचं लई कौतुक वाटतं, कारण कोर्सच्या पुस्तकात दुखण्याला शार्प, डल, थ्रॉबिंग असे चार शब्द आहेत आणि आपल्याकडं आजी एका दमात सात सांगते. कळ येते म्हणाली तर ती बहुतेक एका जागेवरनं निघून दुसरीकडं जाते, कमरेतनं पोटरीत, मानेतनं बोटात, तिथं नसेचा विचार करायचा. ठणका लागलाय, ठसठसतंय म्हणाली की मी आधी ताप बघते आणि त्या जागेवर हात ठेवून गरम आहे का बघते, कारण सूज, पू असलं काहीतरी आत शिजत असू शकतं. उसण भरली, चमक भरली म्हणजे अचानक, काहीतरी उचलताना, बहुतेक स्नायू धरलेला. रग लागली म्हणजे कामाचा शीण, उद्या जाईल. आखडलंय म्हणजे दुखण्यापेक्षा हलत नाही हे जास्त. मुंग्या आणि बधिरपणा हे तर वेगळंच खातं, ते कुठल्या बोटांत ते बोट धरून विचारायचं. धारा काढणाऱ्या बाया येतात, रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं म्हणतात, तेव्हा अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग असं सांगितलं आणि करंगळी मोकळी असली तर मनगटातली मीडियन नस दाबली जात असण्याची शंका घ्यायची. दोन्ही हातांची मागची बाजू एकमेकाला टेकवून मनगटं खाली वाकवून ६० सेकंद धरायला सांगायची, मुंग्या आल्या तर शंका पक्की होत जाते. ह्याला फेलन टेस्ट म्हणतात. तर पेशंटचा शब्द आहे तसा लिहा, त्याचं इंग्रजी करायच्या नादात निम्मा अर्थ सांडतो.

एक प्रश्न मी कधीच सोडत नाही, सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात. पंधरा-वीस मिनिटं, चहा होईस्तोवर मोकळे होतात म्हटलं तर झिजेच्या बाजूचं. भाकऱ्या थापून होईपर्यंत, तासभर, बोटं वळतच नाहीत म्हटलं तर सुजेचा संधिवात असू शकतो, आणि तिथं बोटांची मुळं, म्हणजे मूठ आवळल्यावर जी हाडं वर येतात ती, सुजलीत का बघायची. झिजेच्या संधिवातात गाठी बोटांच्या शेंड्याजवळच्या पेरावर जास्त येतात. चुलीचा हिशोब घड्याळापेक्षा बरोबर मिळतो, आजीला मिनिटं विचारून उपयोग नाही, किती भाकऱ्या झाल्यावर हात मोकळा होतो विचारा.

आता कॉटवर. क्रम साधाच आहे, बघायचं, चाचपायचं, हलवायचं, जोर बघायचा. छाती तपासायला स्टेथो लागतो, पोट ठोकून बघतात, इथं दोन डोळे, दोन हात, एक टेप आणि असलाच तर गोनिओमीटर, म्हणजे कंपासपेटीतला कोनमापक लांब पट्ट्या लावून केलाय असं समजा.

बघताना दोन्ही बाजू उघड्या पाहिजेत. एकच गुडघा दाखवायला साडी वर घेतात, दुसरा झाकलेला, मग तुलना कशाशी करणार? पडदा ओढा, आडोसा करा, पण दोन्ही बघा, आणि हात लावताना चांगल्या बाजूनं सुरुवात करा, म्हणजे त्या माणसाचं नॉर्मल काय ते तुम्हालाही कळतं आणि त्याचा विश्वासही बसतो की ही बाई काय मोडणार नाही. मांडी बारीक झाली असं वाटलं तर वाटलं म्हणून लिहू नका, टेप लावा, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासनं १० सेंटिमीटरवर खूण करून दोन्हीकडचा घेर घ्या. सेंटिमीटरभर फरक चालतो, त्याच्यावर असेल तर लिहा. पाठ मागनं बघा आणि बाजूनं पण बघा. शाळेतल्या मुलींना पुढं वाकायला लावायचं, हात सैल सोडून, एका बाजूच्या बरगड्या दुसरीपेक्षा वर आल्या तर कणा वाकडा असू शकतो, आईला वाटत असतं दप्तरानं खांदा उतरलाय.

चाचपताना तापमान हाताच्या मागच्या बाजूनं बघायचं, दोन्ही गुडघ्यांवर एकामागनं एक. चांगला गुडघा त्याच्या वरच्या मांडीपेक्षा जरा गारच लागतो, त्यामुळं गुडघा आणि मांडी सारखीच गरम लागली तरी ती खबर आहे. पाणी झालंय का बघायला मांडीकडनं हातानं खाली दाबत आणायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाटी खाली दाबायची, पाणी असेल तर वाटी तरंगत असल्यासारखी खाली जाऊन हाडाला टकरते. सांध्यातनं कटकट आवाज येतो म्हणून लोक फार घाबरतात, नुसता आवाज आहे, दुखत नाही, सूज नाही, तर सोडून द्या. पण एकच सांधा लाल, गरम, टम्म, सोबत ताप आणि जरा हलवला तरी माणूस ओरडतो, तिथं पुढची तपासणी बंद, वाकवून बघायची हौस नको, सरळ डॉक्टरांना फोन, आत पू झाला असेल तर सांधा दिवसांत खराब होतो. आणि एकच पोटरी सुजलीय, दुखतीय, विशेषतः ऑपरेशननंतर पडून असलेल्याची, तर चोळायची नाही. घरचे तेलाची बाटली घेऊन तयारच असतात. आत रक्ताची गाठ असली तर ती सुटून फुप्फुसात जायची भीती असते, म्हणून आधी कळवायचं.

हलवताना एक गोष्ट पक्की, आधी त्याला स्वतः करू दे, मग आपण हात लावायचा. आता त्या मावशींकडं परत या. त्यांना स्वतः हात बाजूनं वर करायला लावला तर ६०-६५ अंशाला थांबला, कान मात्र खांद्याला लागायला निघाला, म्हणजे खांदाच उचलून वेळ मारून न्यायचं चाललेलं. मग मी हळूच हात आधार देऊन वर न्यायला बघितला, तर माझ्यानंही तिथंच अडकला, दार आतनं कडी लावल्यासारखा. कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर फिरवला, तेही होईना. आता इथं खरी गंमत आहे. पेशंटला स्वतःला हात उचलता येत नाही पण मी उचलला तर आरामात जातो, तर सांधा मोकळा आहे आणि भानगड स्नायू, त्याची दोरी नाहीतर नस ह्यात आहे. माझ्यानंही जात नाही तर सांधाच धरलाय, ज्याला लोक फ्रोझन शोल्डर म्हणतात तसलं काहीतरी. शुगर असणाऱ्यांत हे जास्त दिसतं, म्हणून मी विचारलं शुगर कधी बघितलीय? कधीच नाही. केसपेपरवर दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिले, स्वतः किती आणि मी केल्यावर किती, आणि खाली "कासोटा, बुचडा सून करते, २ महिने". डॉक्टरांनी वाचून शुगर काढायला सांगितली, आणि ती निघाली वाढलेली. खांदा दाखवायला आलेल्या बाईला शुगर सापडली, होतं असं.

आकडे पाठ असलेले बरे, खांदा बाजूनं वर १८० अंशापर्यंत, खुबा पोटाकडं १२० च्या आसपास, गुडघा १३५ च्या पुढं. पण परदेशी पुस्तकातल्या माणसाला खुर्चीत बसता आलं की बास असतं, आपल्या माणसाला मांडी घालायची असते, उकिडवं बसायचं असतं, पंगतीला बसायचं असतं, शेतात भांगलायचं असतं. एका आजोबांचा गुडघा १०० अंश वाकत होता, ट्रेनी पोरीनं लिहिलं "चालायला फिरायला अडचण नाही", आणि आजोबांचं खरं दुखणं वेगळंच होतं, त्यांना देशी संडासात बसता येईना म्हणून ते दोन दिवसातनं एकदा जेवत होते. त्यांनी हे सांगितलं नाही, विचारल्यावर सांगितलं, ते पण सुनेला बाहेर पाठवल्यावर.

जोर बघायला ० ते ५ चं स्केल आहे, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलचं, म्हणून एमआरसी म्हणतात. ० म्हणजे काहीच नाही. १ म्हणजे हालचाल नाही पण स्नायूवर बोट ठेवलं तर आत जराशी फडफड लागते. २ म्हणजे गादीवर घसटत इकडं तिकडं हलवतो पण उचलता येत नाही. ३ म्हणजे उचलतो, पण मी बोट जरी टेकवलं तरी खाली. ४ म्हणजे माझ्या हाताला थोडा विरोध करतो, ५ म्हणजे पूर्ण जोर. ह्यातला २ आणि ३ मधला फरक नीट समजून घ्या, पृथ्वीची ओढ तोडून अवयव वर आला का नाही एवढाच तो प्रश्न आहे.

पण ह्या स्केलचा एक घोटाळा आहे आणि तो मला एका पैलवानानं शिकवला. आमच्या सांगली, सातारा, कोल्हापूर पट्ट्यात तालमी गावोगाव, १९५२ ला हेलसिंकीत ऑलिंपिकचं ब्राँझ आणणारे खाशाबा जाधव साताऱ्याच्याच गोळेश्वरचे, त्यामुळं वॉर्डात एखादा तरी मोडक्या कानाचा पैलवान असतोच. हा म्हणाला, सिस्टर उजव्या हातातला जोर गेलाय. मी तपासला, दोन्ही हातांनी त्याचा हात दाबला, हललासुद्धा नाही, लिहिलं ५. तो म्हणाला डावा बघा. डाव्यानं त्यानं मला खुर्चीसकट पुढं ओढलं. म्हणजे उजवा माझ्या मानानं ५ होता, त्याच्या मानानं अर्धाच होता. स्केल तपासणाऱ्याच्या ताकदीवर अडकतं, पंचेचाळीस किलोच्या सिस्टरला नव्वद किलोचा पैलवान कायम ५ च वाटणार. तेव्हापासनं असल्यांना मी विचारते तालमीत जोर (दंड) किती मारत होतास आणि आता किती मारतोस. पाचशेवरनं दीडशेवर आला म्हणाला, ते लिहिलं. मानेतली नस दाबलेली निघाली नंतर.

कंबर ह्या विषयावर लिहायला बसले तर रात्र जाईल. दिवाळीच्या सुमाराला बीडकडनं ऊसतोड कामगार येतात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, दिवसभर वाकून तोडायचं आणि मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकवर चढायचं. ह्यांना "वजन उचलू नका" सांगणं म्हणजे जेवू नका सांगणं आहे, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते मुकादमाकडनं. ह्या बाया कंबर दुखते म्हणून येतच नाहीत, कंबर चालेना म्हणून येतात. त्यामुळं आली ती नुसतं मलम देऊन परत पाठवायची नाही, चार गोष्टी विचारायच्याच. संध्याकाळी बारीक ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री झोपल्यावर पण दुखतं का, कारण मणक्याचा टीबी आपल्याकडं आहे आणि तो हळूहळू येतो, पाठीवरनं बोट फिरवताना एखादा मणका वर आलेला टोकदार लागतो. आणि चौथी गोष्ट, लघवी अडकते का किंवा कळतच नाही का, आणि सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तिथं बधिर वाटतं का. चौथ्याला हो म्हटलं तर उद्या या नाही, आत्ताच ऑर्थो नाहीतर न्यूरोसर्जन. हे विचारायला लाजू नका, पेशंट लाजतो म्हणून तर आपण विचारायचं.

आता माझी चूक सांगते. नोकरी लागून दोनच वर्षं झालेली, दवाखाना कुठला ते राहू दे. सात वर्षांचं पोरगं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरनं पडलेलं, कोपराच्या जरा वरचं हाड मोडलेलं, लहान पोरांत हे फार मोडतं. संध्याकाळी स्लॅब, म्हणजे अर्धं प्लास्टर आणि वर पट्ट्या, लावली. मी नाईटला आले, ओव्हर घेतला, आधीच्या शिफ्टच्या नोंदीत फक्त "हात ठीक". अकराला पोरगं रडाय लागलं, ऑर्डरमधलं औषध दिलं. एकला परत रडायला लागलं, मी बोटं बघितली, गुलाबी, नख दाबून सोडलं तर दोन सेकंदात रंग परत, मनगटाला नाडी लागतेय. मी निर्धास्त. लिहिलं "बोटं गुलाबी, नाडी चांगली, मुलगा किरकिर करतो". आई म्हणत होती, "माझं पोरगं असं रडत न्हाई वं." ऐकलं नाही मी.

अडीचला इन्चार्ज सिस्टर राऊंडला आल्या, चष्म्यातनं नोंद वाचली, काही बोलल्या नाहीत, पोराचं मधलं बोट टोकाला धरलं आणि अलगद सरळ केलं. जी किंकाळी त्यानं फोडली ती मला अजून ऐकू येते. त्यांनी मला डॉक्टरांना उठवायला पाठवलं, डॉक्टर आले, पट्ट्या कापल्या, आतला कापूससुद्धा चामडीपर्यंत कापला. अर्ध्या तासात पोरगं झोपलं आणि हात वाचला.

झालेलं काय, तर आत सूज वाढत होती आणि बाहेर घट्ट पट्टी, स्नायूंच्या कप्प्यात प्रेशर चढलं की बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायू उपाशी मरायला लागतो, ह्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. मोठी नाडी बऱ्याचदा शेवटपर्यंत लागत राहते, म्हणून नाडीवर विसंबायचं नाही. आधी येतं ते दुखणं, मोडलेल्या हाडाच्या मानानं फार जास्त, औषधाला न ऐकणारं, आणि बोट दुसऱ्यानं सरळ केल्यावर वाढणारं. मग मुंग्या, बधिरपणा, मग पांढरं पडणं, गार पडणं, बोट न हलणं, आणि नाडी जाणं सगळ्यात शेवटी. साधारण सहा तास गेले की स्नायू कायमचा जायला लागतो, म्हणजे मी सकाळपर्यंत वाट बघितली असती तर त्या पोराची बोटं आयुष्यभरासाठी आकडली असती. एरवी प्लास्टर केलेला हात उंच ठेवायला सांगतो आपण, पण असली शंका आली तर हृदयाच्या लेव्हलला ठेवायचा, फार उंच नाही, कारण उंच केला की आधीच कमी पोचणारं रक्त अजून कमी पोचतं. गावाकडं हाडवैद्याकडनं कामट्या लावून करकचून बांधून आणलेले हात येतात, त्यातही हेच होतं. बोटं बघा, आणि दुखणं वाढत असेल तर रात्रच असली तरी सोडवायला आणा.

लहान पोरांची बोटं तपासायला मी दगड-कागद-कात्री खेळते. प्लास्टरमधनं बाहेर असलेल्या बोटांनी दगड केला तर मीडियन नस चालतेय, कागद केला तर रेडियल, कात्री केली तर अल्नर, आणि शेवटी अंगठा आणि पहिल्या बोटाचा गोल करून "एकदम झकास" केलं की मीडियनची आतली फांदी पण कळली. तासातासाला हरते मी मुद्दाम. आणि आता नोंदीत "ठीक" हा शब्द माझ्या वॉर्डात कुणी लिहिला तर मी पान परत देते. काय ठीक? कुठलं बोट किती हललं, दुखणं दहात किती, रंग यायला किती सेकंद, औषध दिल्यावर किती उतरलं. आधीच्या शिफ्टनं त्या रात्री एवढं लिहिलं असतं तर मला अकरालाच कळलं असतं की पोरगं चढत्या दुखण्यात आहे. मी सुद्धा लिहायला पाहिजे होतं, किरकिर काय लिहिलं.

म्हाताऱ्या माणसांचं एक, ती बाथरूममध्ये पडली आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतोय, पंजा बाहेर पडलाय, तर उभं करून बघू नका. आजीच म्हणतात मला काही झालं नाही, धरा, चालते मी. खुब्याचं हाड मोडलेलं असतं. आहे तशीच उचला, चादरीवर घेऊन, आणि आणा.

पडायच्या आधीच कळावं म्हणून एक सोपी टेस्ट आहे, टाइम्ड अप अँड गो म्हणतात, घरी पण होते. खुर्चीतनं उठायचं, रोजच्या चालीनं ३ मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं धरतात. नुसतं घड्याळ बघू नका, उठताना हात टेकवले का, वळताना किती बारीक पावलं टाकली, भिंत धरली का, ते पण बघा, आणि आपण शेजारीच उभं राहा. मी आमच्या सासूबाईंची घेतली, सोप्यातल्या खुर्चीपासनं तुळशीपर्यंत बरोबर ३ मीटर भरतं. १७ सेकंद लागले. सासूबाई म्हणाल्या तुझा मोबाईल पुढं पळतोय. मग भिंतीवरच्या घड्याळावर घेतली, १८. आता बाथरूमला दांडी बसवलीय, उंबऱ्याजवळचं पायपुसणं उचललंय, आणि त्या रोज संध्याकाळी तुळशीला दिवा लावून परत येताना मला ओरडून विचारतात, "किती झालं गं?"